ऑनलाइन पदवी घेताना विद्यापीठाचा नंबर किती पाहावा?

जून-जुलै आला की हल्ली भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी अशा गावांत एका नव्या मालाचे दलाल दिसू लागले आहेत. हा माल सुताचा नाही की कापडाचा नाही. तो पदवीचा आहे. फोन येतो, मोबाईलवर रंगीत पत्रक येते, आणि त्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत एक आकडा असतो, "देशात अमुक नंबरचे विद्यापीठ". त्याखाली लहान अक्षरांत घरबसल्या बी.कॉम., बी.बी.ए., एम.बी.ए., फी हप्त्याने.

ज्याचा मुलगा सकाळपासून गल्ल्यावर बसतो, किंवा ज्याच्या मुलीला बारावीनंतर परगावी पाठवायला घरचे तयार नाहीत, त्याला ही गोष्ट पटते. ती पटण्यासारखीही आहे. धंद्यातल्या कुटुंबांसाठी ऑनलाइन शिक्षण हा खरोखर कामाचा मार्ग आहे आणि त्याला नाके मुरडण्याचे काही कारण नाही. प्रश्न एवढाच आहे की पत्रकावरचा तो नंबर कोणी दिला, कशावर दिला, आणि फीचे पैसे मोजण्यापूर्वी त्याला किती वजन द्यावे.

कापडाच्या व्यवहारात आपण नुसत्या मार्क्यावर माल उचलत नाही. ग्रे कापडाचा सौदा असेल तर रीड-पीक विचारतो, सुताचा काउंट विचारतो, पन्ना मोजतो आणि मग हे कापड कशाला लागणार ते पाहतो. अस्तराला उत्तम असलेले कापड शर्टाला चालत नाही, आणि शर्टाचे महाग कापड अस्तराला लावणाऱ्याला कोणी शहाणा म्हणत नाही. विद्यापीठाचा नंबर हीदेखील अशाच काही मापांची बेरीज असते. दलाल बेरीज सांगतो. आपण ती मापे सुटी करून पाहिली पाहिजेत.

आपल्या देशात केंद्र सरकारची जी यादी आहे ती एन.आय.आर.एफ. या नावाने ओळखली जाते. तिची पहिली यादी २०१६ साली निघाली. विद्यापीठांना शंभरपैकी गुण देताना तिने पाच माप धरले आहेत. अध्यापन आणि साधनसामग्री यांना ३० गुण, संशोधनाला ३०, विद्यार्थ्यांच्या निकालाला व पुढील वाटचालीला २०, सर्व थरांतील विद्यार्थ्यांना सामावून घेण्याला १० आणि उरलेले १० गुण लोकांच्या मतांना, म्हणजे नोकरी देणारे व शिक्षणक्षेत्रातील मंडळी त्या संस्थेला किती मानतात याला.

आता भिवंडीत घरी बसून बी.कॉम. करणाऱ्या मुलीच्या बाजूने हा हिशेब पाहा. संशोधनाचे ३० गुण शोधनिबंध, पेटंट, संशोधन प्रकल्प यांचे आहेत. विद्यापीठासाठी ती मोठी इज्जतीची गोष्ट आहे, पण त्या मुलीच्या हिशेबतपासणीच्या पेपराशी तिचा संबंध फारसा नाही. अध्यापनाच्या ३० गुणांत शिक्षकांची संख्या, त्यांची पीएच.डी., संस्थेने केलेला खर्च हे येते. हे शिक्षक विद्यापीठाच्या आवारात असतात. पडद्यावर या मुलीला तेच शिकवतील अशी हमी नंबर देत नाही. म्हणजे शंभरातला मोठा भाग संस्थेच्या इमारतीतला आहे, आणि आपण विकत घेत आहोत ती इमारतीबाहेरची वस्तू.

याचे एक चांगले उदाहरण आपल्या माहितीतल्याच संस्थेचे आहे. दिल्लीच्या जामिया हमदर्दला २०२४ च्या एन.आय.आर.एफ. यादीत औषधनिर्माणशास्त्राच्या गटात देशात पहिला नंबर मिळाला. ही अभिमानाची बाब आहे आणि तो नंबर कष्टाने मिळवलेला आहे. परंतु औषधनिर्माणशास्त्र हा विषय नियमाप्रमाणे ऑनलाइन शिकवताच येत नाही. त्यामुळे तेथील ऑनलाइन बी.बी.ए. घेऊ पाहणाऱ्याने तो पहिला नंबर मनातून बाजूला ठेवून बी.बी.ए.ची चौकशी स्वतंत्रपणे करावी. ती चांगली असेल तर तिच्या स्वतःच्या गुणांवर चांगली असेल. हीच गोष्ट व्यवस्थापनाच्या नंबरांची. ते नंबर पूर्णवेळ एम.बी.ए.च्या जिवावर मिळालेले असतात आणि जाहिरातीत मात्र ऑनलाइन एम.बी.ए.च्या डोक्यावर बसवले जातात.

आणखी एक गोष्ट. वरच्या काही संस्था सोडल्या की पुढच्या संस्थांमधले गुणांचे अंतर कमी होत जाते. शेजारशेजारच्या दोन नंबरांत अनेकदा एका गुणाचाही फरक नसतो. तेव्हा "ते पंचेचाळिसावे, आमचे अडतिसावे" एवढ्यावर फीमध्ये दुप्पट फरक देणे म्हणजे मीटरमागे एका धाग्यासाठी दुप्पट भाव देणे होय. शंभराच्या पुढे तर एन.आय.आर.एफ. स्वतःच नेमका नंबर न देता १०१ ते १५०, १५१ ते २०० असे गट देते.

नंबरचा एक उपयोग मात्र नियमातच सांगितलेला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यू.जी.सी.ने, सप्टेंबर २०२० मध्ये दूरशिक्षण व ऑनलाइन शिक्षणाचे नियम जारी केले. त्यात ऑनलाइन पदवी सुरू करण्याच्या पात्रतेसाठी नॅकचे गुण आणि एन.आय.आर.एफ.च्या विद्यापीठ गटातील पहिल्या शंभरातले स्थान हे निकष धरले आहेत. म्हणजे नंबर हा मुळात दरवाजातून आत येण्याचा परवाना आहे. आत आलेल्यांपैकी तुमच्या मुलासाठी चांगला कोण, हे सांगण्याचे काम त्याचे नाही.

दरवाजाची तपासणी मात्र प्रत्येकाने स्वतः करावी, दलालावर सोडू नये. यू.जी.सी.च्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. ती पाहताना तीन गोष्टींत गफलत होते. मान्यता संस्थेला असते तशी ती अभ्यासक्रमालाही वेगळी असते. विद्यापीठाचे नाव यादीत दिसले म्हणून त्याचा प्रत्येक अभ्यासक्रम मंजूर असतो असे नाही. दुसरे, दूरशिक्षण आणि ऑनलाइन या दोन वेगळ्या पद्धती आहेत आणि त्यांची मान्यताही वेगवेगळी आहे. तिसरे, ज्या वर्षी आणि ज्या सत्रात प्रवेश घ्यायचा त्या सत्राची मान्यता पाहायची असते, गेल्या वर्षीची नाही. अभियांत्रिकी, वैद्यकीय, दंतवैद्यक, नर्सिंग, औषधनिर्माण, वास्तुकला, कायदा हे विषय ऑनलाइन पद्धतीत नाहीत. पीएच.डी.ही नाही. असे काही घरबसल्या देऊ करणाऱ्याशी पुढे बोलण्याची गरजच नाही, मग तो कोणताही नंबर सांगो. २०२४ पासून अशा प्रवेशासाठी विद्यार्थ्याला स्वतःचा डी.ई.बी. आयडी काढावा लागतो. तो मुलाने स्वतः बसून काढावा. त्यात त्याला संस्था आणि अभ्यासक्रम डोळ्यांनी पाहता येतो.

मान्यता पक्की असेल तर ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानली जाते. तसा नियम आहे आणि सप्टेंबर २०२२ मध्ये यू.जी.सी.ने तो पुन्हा जाहीर करून सांगितला. त्यामुळे स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या मुलासाठी नंबरचा प्रश्न जवळजवळ संपतोच. तेथे मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी मागतात. विद्यापीठ यादीत कितवे, हे अर्जात कोणी विचारत नाही.

नंबरवर डोळे मिटून विश्वास ठेवल्यास काय होते, याचा मोठा दाखला अमेरिकेत घडला आहे. आणि तो नेमका ऑनलाइन एम.बी.ए.चाच असल्याने जरा सविस्तर सांगतो.

फिलाडेल्फिया शहरात टेंपल विद्यापीठ आहे. त्याच्या फॉक्स व्यवस्थापन शाळेचा ऑनलाइन एम.बी.ए. 'यू.एस. न्यूज' या प्रकाशनाच्या यादीत २०१५ ते २०१८ अशी सलग चार वर्षे देशात पहिला आला. यादीवाले संस्थांकडूनच आकडे मागवत होते आणि संस्था जे लिहून पाठवील त्यावर गुण देत होते. फॉक्समधील मंडळींनी यादीचा हिशेब कसा मांडला जातो याचा उलटा अभ्यास केला आणि ज्या आकड्यांनी नंबर वर जातो ते आकडे फुगवून पाठवले. एक उदाहरण पुरे. तेथे प्रवेशाच्या वेळी जीमॅट नावाची परीक्षा असते. किती टक्के विद्यार्थ्यांनी ती दिली यालाही यादीत किंमत होती. शाळेने कळवले, शंभर टक्के. खरा आकडा सुमारे वीस टक्के होता. म्हणजे पाच ताक्यांत एक तपासलेला आणि पाचही ताक्यांवर तपासणीचा शिक्का!

जानेवारी २०१८ मध्ये हे उघडकीस आले, शाळेचे नाव यादीतून काढले गेले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये तेथील प्रमुख मोशे पोराट यांना पदावरून दूर करण्यात आले. पुढे खटला चालला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ज्यूरीने त्यांना दोषी ठरवले, आणि मार्च २०२२ मध्ये त्यांना १४ महिन्यांचा तुरुंगवास व अडीच लाख डॉलर दंड झाला. विद्यार्थ्यांनी दावे लावले तेव्हा विद्यापीठाने काही रक्कम देऊन तडजोड केली. पण ज्यांनी पहिला नंबर पाहून दोन-अडीच वर्षांची मेहनत आणि फी ओतली होती, त्यांच्या हातातल्या पदवीवर जो डाग पडला तो तडजोडीच्या रकमेने कसा निघणार?

त्याच २०२२ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातही असाच प्रकार पुढे आला. तेथील गणिताचे एक प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी आपल्याच विद्यापीठाने यादीवाल्यांना दिलेले आकडे तपासून त्यात विसंगती दाखवली. विद्यापीठाने काही आकडे चुकीचे असल्याचे मान्य केले आणि दुसरा नंबर एका झटक्यात अठरावा झाला. शिकवणारे तेच, वर्ग तेच, पुस्तके तीच. बदलला तो फक्त कागद.

आपल्याकडेही एन.आय.आर.एफ.चे बरेचसे आकडे संस्था स्वतः भरून देतात. नॅकच्या तपासणीचे म्हणाल, तर फेब्रुवारी २०२५ मध्ये सी.बी.आय.ने तपासणी समितीच्या काही सदस्यांना लाचेच्या आरोपावरून अटक केली होती. एवढ्यावरून सगळेच आकडे खोटे म्हणणे अन्यायाचे होईल. बाजारात एक गाठ भेसळीची निघाली म्हणून सगळी गिरणी बदनाम करू नये. परंतु गाठ उघडून पाहण्याचा आपला हक्क आपण का सोडावा?

आणि ती उघडून पाहण्याची सोय आहे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. एन.आय.आर.एफ.ला दिलेली माहिती प्रत्येक संस्थेला स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्या कागदात किती विद्यार्थी आले, किती वेळेत उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेले आणि नोकरी लागलेल्यांचा मध्यम पगार किती, हे अभ्यासक्रमाच्या वर्षांप्रमाणे दिलेले असते. मध्यम पगार म्हणजे सरासरी नव्हे. सगळे पगार ओळीने लावले तर मधोमध जो येतो तो. एका मुलाला परदेशात मोठी नोकरी लागली तर सरासरी फुगते, मधला आकडा फुगत नाही. म्हणून तो अधिक भरवशाचा. पत्रकावर "सर्वोच्च पगार" छापलेला असतो. तो वाचून पुढे जावे आणि हा मधला आकडा शोधावा. तो आकडाही पुष्कळदा आवारात शिकलेल्या मुलांचा असतो. म्हणून प्रवेश कार्यालयाला लेखी विचारावे की ऑनलाइन तुकडीतले किती विद्यार्थी दाखल झाले आणि किती पदवी घेऊन बाहेर पडले. याचे उत्तर सरळ देणारी संस्था आणि ते टाळणारी संस्था यांतला फरक कोणत्याही यादीपेक्षा जास्त सांगून जातो.

परदेशी याद्यांबद्दल थोडक्यात. क्यू.एस. ही बहुचर्चित यादी ३० टक्के गुण शिक्षणक्षेत्रातील लोकांच्या मतांना व १५ टक्के नोकरी देणाऱ्यांच्या मतांना देते. म्हणजे जवळपास निम्मा नंबर नावलौकिकाचा झाला. शांघायच्या यादीत तर माजी विद्यार्थ्यांना व शिक्षकांना मिळालेल्या नोबेल पारितोषिकांचेही गुण आहेत. मालेगावच्या मुलाच्या बी.बी.ए.साठी या याद्या उघडण्याचीही गरज नाही. काही मासिके स्वतःच्या याद्या काढतात आणि त्याच अंकात त्याच विद्यापीठाची पानभर जाहिरात असते. त्यावर अधिक काय लिहावे!

आता ज्या गोष्टी कोणत्याच नंबरात नाहीत त्यांच्याकडे येतो. आपल्या मुलांच्या बाबतीत मला त्यांतली सर्वांत मोठी वाटते ती माध्यमाची. बहुतेक ऑनलाइन पदव्या इंग्रजीतून आहेत. उर्दू शाळेतून दहावी-बारावी केलेला मुलगा हुशार असला तरी पहिल्या सहामाहीत इंग्रजी व्याख्याने ऐकून थकतो. समोर शिक्षक नसतो, शेजारी मित्र नसतो, विचारायचे कोणाला? मग लॉग-इन करणे कमी होते, आणि फी मात्र भरलेली असते. मी स्वतः उर्दू माध्यमात शिकलो. पुढे मराठीतून व्यवहार आणि इंग्रजीतून कागदपत्रे शिकायला किती वर्षे गेली ते मला माहीत आहे, म्हणून हे जोर देऊन लिहितो. हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ १९९८ साली संसदेच्या कायद्याने स्थापन झाले ते उर्दूतून उच्च शिक्षण देण्यासाठीच, आणि दूरशिक्षण हे त्याच्या कामाचा भाग पहिल्यापासून आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे आणि तेथे मराठीतून शिकता येते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ चे. मुक्त विद्यापीठांची तुलना पूर्वी इतर विद्यापीठांच्या यादीतच हरवत असे. २०२४ पासून एन.आय.आर.एफ.ने त्यांचा वेगळा गट केला आणि त्या पहिल्या यादीत इंदिरा गांधी विद्यापीठ अव्वल आले. घरून शिकणाऱ्यांसाठी पाहायचाच असेल तर हा गट पाहावा, कारण येथे निदान सारख्याला सारख्याशी तोलले आहे.

कोणत्या कामासाठी पदवी हवी यावरही नंबरचे वजन बदलते. पुण्या-मुंबईच्या मोठ्या खाजगी कंपनीत पहिली नोकरी शोधणाऱ्याला विद्यापीठाच्या नावाचा उपयोग होतो, हे नाकारता येणार नाही. तेथे चार पैसे जास्त देणे समजण्यासारखे आहे. आखाती देशांत जाणाऱ्याने मात्र नंबरपेक्षा वेगळी चौकशी करावी. तेथे पदवीचे साक्षांकन लागते, आणि शिक्षण वर्गात बसून झाले की ऑनलाइन, हा प्रश्न तेथील कार्यालय वेगळा विचारू शकते. ज्या देशात जायचे तेथील नियम आधी माहीत करून घ्यावा. आणि ज्याला वडिलांचाच धंदा पुढे न्यायचा आहे, जी.एस.टी.चे विवरण, बँकेचे कागद, निर्यातीची पत्रे स्वतः करायची आहेत, त्याने अभ्यासक्रमातले विषय वाचावेत. त्याच्या पदवीचा नंबर विचारायला गिऱ्हाईक येत नाही.

सौद्यापूर्वी आपण नमुन्याचा तुकडा मागतो, तसा येथेही मिळतो. केंद्र सरकारच्या 'स्वयं' या व्यासपीठावर २०१७ पासून अनेक विद्यापीठांचे अभ्यासक्रम आहेत आणि ते शिकायला पैसे पडत नाहीत. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तरच फी आहे. मुलाला किंवा मुलीला तेथे एखादा अभ्यासक्रम दोन-तीन महिने करू द्यावा. दुकान सांभाळून रोज तासभर पडद्यासमोर बसणे त्याला जमते का, भाषा पेलते का, हे त्यात कळून येते. न जमल्यास मोठी फी वाचते. जमल्यास कोणत्या नंबराच्या विद्यापीठात घालावे ही चर्चा करायला अर्थ आहे.

राहिली पैशांची बाजू. फी विद्यापीठाच्या नावाने भरावी आणि पावती विद्यापीठाचीच घ्यावी. मधल्या कंपनीच्या किंवा माणसाच्या खात्यात टाकू नये. यू.जी.सी.ने २०२२ सालीच सांगितले आहे की दूरशिक्षण व ऑनलाइन अभ्यासक्रम फ्रँचायझीने चालवता येत नाहीत. "हप्त्याने फी" ही विद्यापीठाची सवलत आहे की एखाद्या वित्त कंपनीचे कर्ज, हे सही करण्यापूर्वी विचारावे. पुष्कळदा ते कर्ज असते, पालकांच्या नावावर असते, आणि मुलाने शिक्षण अर्धवट सोडले तरी हप्ते चालूच राहतात. ज्यांना व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहायचे आहे त्यांनी तर तो कागद दोनदा वाचावा. परीक्षा घरून कॅमेऱ्यासमोर द्यायची की केंद्रावर जाऊन, आणि केंद्र असेल तर कोणत्या गावी, हेही त्याच वेळी लिहून घ्यावे. विशेषतः मुलींच्या बाबतीत शिक्षण तेथेच अडते.

आणि दलाल "आज रात्री बारापर्यंतच प्रवेश" म्हणाला तर घाई करू नये. ऑनलाइन पदव्यांचे वर्षात दोन हंगाम असतात, एक जुलै-ऑगस्टचा आणि दुसरा जानेवारी-फेब्रुवारीचा.